पोह्यांची पुन्हा साळ होत नाही

छत्तीसगड हे भाताचे कोठार. रायपूरहून रेल्वेने बिलासपूरकडे जाताना भाटापारा लागते. साळीपासून पोहे करणाऱ्या गिरण्यांसाठी ते गाव ओळखले जाते. तिथल्या एखाद्या कामगारासमोर कोणी पोहे पुन्हा साळीच्या पोत्यात भरले, पोते शिवले, त्यावर ‘उत्तम साळ’ असा शिक्का मारला आणि ‘आता हे पेरता येईल’ असे सांगितले, तर तो कामगार त्या माणसाकडे करुणेने पाहील. संगणकावर मात्र हाच उद्योग रोज चालतो आणि त्याला ‘दर्जा सुधारणे’ असे भारदस्त नाव दिले जाते. एमपी३ फाइल घ्यायची, तिचे ‘फ्लॅक’ किंवा ‘वेव्ह’ स्वरूपात रूपांतर करायचे, फाइल पाचपट फुगली की समाधान मानायचे. पोते मोठे झाले. आत पोहेच आहेत.

ही केवळ हौशी श्रोत्यांची भाबडी समजूत असती, तर तिच्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु हीच गल्लत जेव्हा एखाद्या प्रदेशाच्या ध्वनिसंग्रहात शिरते, तेव्हा तिचे रूपांतर अपराधात होते. आधी मूळ फीत एमपी३ करून ‘डिजिटायझेशन पूर्ण’ असे जाहीर करायचे, मग जागा अडते म्हणून फीत टाकून द्यायची, आणि पुढे कोणी दर्जाबद्दल विचारलेच तर त्या एमपी३चे फ्लॅक करून पुढे करायचे: या तीन पायऱ्यांत एक आवाज कायमचा नाहीसा होतो आणि कागदोपत्री तो सुरक्षित असतो.

दोन क्रिया, एकच नाव

सगळ्या घोळाचे मूळ ‘रूपांतर’ या एका शब्दात आहे. हा शब्द दोन अगदी भिन्न क्रियांसाठी वापरला जातो.

ध्वनीचे अंकांत रूप होते ते असे. ध्वनिलहरीची उंची ठरावीक अंतराने मोजायची आणि प्रत्येक माप संख्येने लिहून ठेवायचे. सीडीवर सेकंदाला ४४,१०० वेळा माप घेतलेले असते, प्रत्येक माप १६ बिटांचे आणि डाव्या-उजव्या अशा दोन वाहिन्यांचे. गुणाकार केला की सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट होतात. वेव्ह फाइल म्हणजे बहुधा हीच मापांची यादी, जशीच्या तशी.

पहिली क्रिया म्हणजे ही यादी आटोपशीर लिहिणे. समजा, लागोपाठची मापे १०००, १०१०, १०२० अशी आहेत. पुढचे माप १०३० असावे, असा अंदाज कोणीही करील. प्रत्यक्षात ते १०३१ निघाले, तर १०३१ लिहिण्याऐवजी ‘अंदाजापेक्षा १ जास्त’ एवढीच नोंद पुरते. अंदाज बांधण्याचा नियम आणि चुकांची यादी हाती असली, की मूळ आकडे एकाचाही फरक न पडता परत मिळतात. फ्लॅक हेच करते. लहान चुका थोड्या बिटांत लिहिण्यासाठी त्यात वापरलेली पद्धत नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील रॉबर्ट राइस यांच्या नावाने ओळखली जाते. अवकाशयानांची माहिती पृथ्वीवर आणण्याच्या गरजेतून ती १९७०च्या दशकात विकसित झाली. जॉश कोलसन यांनी घडवलेल्या फ्लॅकची पहिली पक्की आवृत्ती २००१ मध्ये आली. ॲपलचे ‘अ‍ॅलॅक’ २००४ मध्ये आले आणि २०११ मध्ये तेही मुक्त झाले. या पद्धतींनी फाइल साधारणपणे निम्म्याच्या आसपास येते. साळ दाबून भरली; पोते सोडले की साळच बाहेर येते.

दुसरी क्रिया म्हणजे एमपी३, एएसी आणि त्यांची भावंडे. इथे आधी असा विचार होतो, की माणसाच्या कानाला यातले काय ऐकू येणार नाही. मोठ्या आवाजाच्या छायेत त्याच्या जवळपासच्या कंप्रतेचा लहान आवाज झाकला जातो. तो कमी काटेकोरपणे लिहिला किंवा वगळला तरी चालते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर वर्षानुवर्षे काम केले आणि जुलै १९९५ मध्ये ‘.एमपी३’ हे नाव ठरले. ते काम असामान्य बुद्धिमत्तेचे होते, यात शंका नाही. सेकंदाला २८.८ किलोबिटांच्या त्या काळच्या मोडेमवरून सीडीच्या दर्जाचे चार मिनिटांचे गाणे आणायला सव्वातीन तास लागले असते. १२८ किलोबिटांच्या एमपी३ला सुमारे १८ मिनिटे लागत. एका खऱ्या अडचणीवरचे ते खरे उत्तर होते. पण त्या उत्तराची किंमत अशी, की जे वगळले ते कुठेही लिहून ठेवलेले नसते. ते परत मिळवण्याचे कोणतेही गणित नाही. एमपी३चे फ्लॅक केले की फ्लॅक त्या एमपी३मधील उणिवाच अत्यंत प्रामाणिकपणे जतन करते. आणि एमपी३चे एएसी केले, तर दुसरी पद्धत पहिलीच्या उरलेल्यातून पुन्हा वगळते. प्रत्येक फेरीला झीज वाढत जाते.

म्हणून ‘दर्जा न गमावता रूपांतर होते का?’ या प्रश्नाचे उत्तर मताचे नाही, अंकगणिताचे आहे. लॉसलेसमधून लॉसलेसमध्ये: होते, शंभर टक्के. लॉसलेसमधून लॉसीमध्ये: घट होते, ती कानाला जाणवेल किंवा जाणवणार नाही. लॉसीमधून कशातही: गेलेले परत येत नाही. चौथी शक्यता नाही.

पणाला काय लागले आहे

रायपूरला आकाशवाणीचे केंद्र १९६३ मध्ये सुरू झाले आणि छत्तीसगडी बोली, ददरिया, करमा, सुवा गीते, पंडवानी, भरथरी हे सारे ध्वनिलहरींवर आरूढ होऊन गावोगावी पोचले. १९७१ मध्ये दाऊ रामचंद्र देशमुख यांनी ‘चंदैनी गोंदा’ रंगमंचावर आणले. त्यातल्या लक्ष्मण मस्तुरिया यांच्या गीतांनी एका पिढीला स्वतःच्या भाषेचा अभिमान दिला. रायपूरमध्ये १९२३ साली जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी याच मातीतले नाचा कलावंत घेऊन ‘चरणदास चोर’ उभे केले. झाडूराम देवांगन यांची वेदमती पंडवानी, तीजनबाईंची कापालिक पंडवानी, सूरुजबाई खांडे यांची भरथरी: ही परंपरा कंठातून कंठात आली. तिची लिखित संहिता दुय्यम आहे. श्वास कुठे घेतला, हुंकारी भरणाऱ्या रागीने कुठे साथ दिली, शब्द कुठे ताणला, हेच तिचे शरीर आहे. २०१९ मध्ये तीजनबाईंना पद्मविभूषण मिळाले. पण सन्मानपत्रात आवाज साठवता येत नाही.

हा आवाज चुंबकीय फितींवर आहे. काही संस्थांच्या कपाटांत, काही कलावंतांच्या घरच्या पत्र्याच्या पेट्यांत, काही संग्राहकांकडे कॅसेटच्या रूपाने. रायपूरच्या मराठी घरांतही अशा कॅसेट आहेत. भोसल्यांच्या काळापासून या प्रदेशाशी नाते जडलेल्या कुटुंबांनी गणेशोत्सवातले गायन, कीर्तन, आजीच्या ओव्या हौसेने मुद्रित केल्या आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवल्या. उष्णता, दमट हवा आणि बुरशी यांना मराठी, छत्तीसगडी असा भेद कळत नाही.

फितीपेक्षाही लवकर संपत आहेत ती ती वाजवणारी यंत्रे. युनेस्कोच्या ‘इन्फॉर्मेशन फॉर ऑल’ कार्यक्रमाने ध्वनी व दृक्‌श्राव्य संग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर, म्हणजे ‘आयासा’बरोबर, ‘मॅग्नेटिक टेप अलर्ट’ प्रकल्प हाती घेतला, तो याच कारणाने. तज्ज्ञांच्या मते २०२५च्या सुमारास फिती वाजवण्याची यंत्रे, त्यांचे सुटे भाग आणि ती दुरुस्त करणारे हात दुर्मीळ होणार होते. ती मुदत उलटून चालली आहे. अर्थ स्पष्ट आहे: बहुतेक फितींना यंत्रावर चढण्याची संधी एकदाच मिळेल. त्या एका फेरीत जे टिपले जाईल, तेच यापुढे ‘मूळ’ म्हणून ओळखले जाईल. त्या क्षणी सोयीसाठी एमपी३चे बटण दाबणे म्हणजे येणाऱ्या सर्व पिढ्यांच्या वतीने ‘एवढेच पुरे’ असा निकाल देणे होय. हा अधिकार कोणत्याही लिपिकाला, कंत्राटदाराला किंवा अधिकाऱ्याला कोणी दिलेला नाही.

चार आक्षेप

*पहिला: ‘कानाला फरक कळतच नाही.’* पुष्कळदा खरे आहे. चांगल्या प्रतीचे, सेकंदाला २५६ किंवा ३२० किलोबिटांचे संपीडन आणि मूळ ध्वनी यांतला फरक डोळ्यांआड चाचणीत बहुसंख्य श्रोत्यांना सांगता येत नाही. परंतु संग्रह केवळ आजच्या कानांसाठी नसतो. एमपी३ काय टाकायचे ते सरासरी मानवी कानाच्या प्रतिमानावरून ठरवते. उद्याचा संशोधक कानाने ऐकणार नाही, तो यंत्राने मोजणार आहे. बस्तरची हलबी घ्या. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात तिला मराठीबरोबर ठेवले. तिच्यात मराठी, ओडिया आणि छत्तीसगडी यांचे रंग कसे मिसळले, हा वाद ध्वनींच्या बारकाव्यांपर्यंत जातो. महाप्राण व्यंजनातला श्वास, घर्षक ध्वनींची उंच कंप्रतेतली धार: कमी दराचे संपीडन नेमके याच कुरणात चरते. करतालीसारख्या तीव्र आघाताच्या वाद्यात तर त्याची खूण सहज सापडते. आघाताच्या आधीच कुजबुजल्यासारखा गोंगाट पसरतो, कारण एमपी३ ध्वनीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात चूक वाटून देते.

या संदर्भात सी. व्ही. रामन यांचे स्मरण करावे. दर २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनी त्यांच्या १९२८च्या शोधाला हार घातले जातात. त्यांनी १९२१ मध्ये तंतुवाद्यांवर लिहिलेला निबंध मात्र फारसा आठवला जात नाही. तार जिथे छेडली, तिथे ज्या स्वरांशाचा निष्पंद बिंदू असतो तो स्वरांश ऐकू येऊ नये, असा प्रस्थापित नियम होता. तानपुरा आणि वीणेत तो ऐकू येतो, हे रामन यांनी दाखवले आणि त्याचे कारण घोडीच्या वक्र पृष्ठभागात शोधले. नियमानुसार जे ‘नसायला हवे’ ते होते, आणि शोध तिथेच लागला. विज्ञान पुढे जाते ते प्रतिमानात न बसणाऱ्या अवशेषामुळे. तो अवशेष अनावश्यक समजून टाकून देणारी पद्धत ऐकण्यासाठी उत्तम असेल. पुराव्याच्या जतनासाठी ती अपात्र आहे.

*दुसरा: ‘एवढी जागा कुठून आणायची?’* हिशेब करावा. जतनासाठी आयासाच्या मार्गदर्शिकेत किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट सांगितले आहेत आणि ९६ किलोहर्ट्झची शिफारस आहे. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन वाहिन्या धरल्या तर एका तासाला सुमारे २ गिगाबाइट लागतात. १,००० तासांना सुमारे २ टेराबाइट. फ्लॅक केले की त्याहून बरेच कमी. हा सगळा खजिना बाजारात सहज मिळणाऱ्या एका डिस्कवर मावतो. अशा तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या तरी खर्च एका सांस्कृतिक महोत्सवाच्या मंडपाइतकाही होत नाही. १९९५ साली जागेची सबब खरी होती. आज ती देणाऱ्याने एकदा स्वतःच्या खिशातला फोन किती गिगाबाइटचा आहे ते पाहावे.

*तिसरा: ‘मूळ मुद्रणच वाईट आहे, त्यात जपायचे काय?’* छत्तीसगडमध्येच याचे उत्तर आहे. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सीजीनेट स्वर’ने गोंडी आणि इतर भाषिकांना साध्या फोनवरून आपली बातमी, आपले गाणे नोंदवण्याची सोय दिली. पारंपरिक टेलिफोनचा ध्वनी सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्झपुरता. दर्जाच्या दृष्टीने दरिद्रीच. पण अशा नोंदींत एका समाजाचा आवाज आहे, आणि ज्याच्याकडे थोडेच आहे त्याच्याकडून आणखी काढून घेणे हा कोणता न्याय? शिवाय गोंगाट संपीडनाला पेलत नाही. खरखरीत मुद्रणावर कमी दराचे एमपी३ अधिकच बेसूर होते. लॉसलेस म्हणजे उच्च दर्जा नव्हे. लॉसलेस म्हणजे ‘यापुढे काही जाऊ देणार नाही’ हे वचन.

*चौथा आक्षेप विरुद्ध टोकाचा: ‘१९२ किलोहर्ट्झशिवाय संगीत ऐकणेच व्यर्थ.’* महागड्या उपकरणांच्या विक्रेत्यांचा हा मंत्र आहे. २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत श्रोत्यांना उच्च विभेदनाचा ध्वनी आणि तोच ध्वनी सीडीच्या दर्जातून गाळून दिला असता ओळखण्याचे प्रमाण नाणेफेकीइतकेच निघाले. मुद्रण व संपादनात २४ बिटांचा उपयोग आहे, जतनात ९६ किलोहर्ट्झला अर्थ आहे. पण दिवाणखान्यात बसून ऐकणाऱ्याला १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ पुरेसे आहेत. एमपी३चे फ्लॅक करून विकणारा आणि सीडीचे आकडे फुगवून ‘हाय-रेझ’ म्हणून विकणारा, दोघेही रिकाम्या पोत्यांचे व्यापारी आहेत.

करायचे काय

तत्त्व एका ओळीचे आहे: जतनाची प्रत लॉसलेस, ऐकण्याची प्रत हवी तशी. मोबाइलवर पाठवायला, संकेतस्थळावर ठेवायला एमपी३ किंवा एएसी खुशाल करावे. ती नेहमी लॉसलेस प्रतीपासून नव्याने करावी, दुसऱ्या एमपी३पासून कधीही नाही.

मात्र फाइलीच्या नावात ‘फ्लॅक’ असणे पुरेसे नाही. रूपांतर करणारी प्रणाली नकळत ९६चे ४८ किलोहर्ट्झ करते, २४ बिटांचे १६ करते, आवाजाची पातळी ‘समान’ करते किंवा खरखर ‘स्वच्छ’ करते. यातील प्रत्येक कृती आकडे बदलते. म्हणून जतनाच्या प्रतीवर कोणतीही सफाई करू नये. सफाई वेगळ्या प्रतीवर करावी. ३२ बिट फ्लोटिंग स्वरूपातील वेव्ह फ्लॅकमध्ये जशीच्या तशी बसत नाही, कारण फ्लॅक पूर्णांकच साठवते. अशी फाइल वेव्हच ठेवावी. प्रसारणाच्या वेव्ह फाइलीत गायक, स्थळ, दिनांक यांची नोंद असेल, तर ती रूपांतरात गळत नाही ना, हे तपासावे. निनावी आवाज अर्धा हरवलेलाच असतो.

आणि विश्वास कोणावरही ठेवू नये, कारण इथे पडताळा घेता येतो. वेव्हचे फ्लॅक करावे, फ्लॅकचे पुन्हा वेव्ह करावे आणि दोन्हींतील ध्वनी-आकड्यांचा चेकसम काढून पाहावा. एक बिटही बदलला असेल तर ठसा जुळणार नाही. फ्लॅक तर मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा फाइलीच्या आरंभीच लिहून ठेवते. दहा वर्षांनीही ‘हा आवाज तोच आहे का?’ या प्रश्नाचे उत्तर फाइल स्वतः देते. डिसेंबर २०२४ मध्ये फ्लॅकचे विनिर्देश आयईटीएफने आरएफसी ९६३९ म्हणून प्रसिद्ध केले. ते मुक्त, विनामूल्य आहेत आणि कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाहीत. भारत सरकारचे ई-प्रशासनातील मुक्त मानकांचे धोरण २०१० पासून अस्तित्वात आहे. तेव्हा ‘मानक नव्हते’ हेही कोणाला म्हणता येणार नाही.

‘आपल्याकडे हे जमत नाही’ असे म्हणण्याचीही सोय नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य संग्रहाला २०१७ मध्ये आयएसओ १६३६३ या मानकानुसार विश्वासार्ह डिजिटल भांडार म्हणून प्रमाणपत्र मिळाले. त्यामागची प्रणाली पुण्याच्या सी-डॅकमध्ये घडली. ग्रामीण महाराष्ट्रातील जात्यावरच्या १ लाखांहून अधिक ओव्या गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांच्या चमूने गोळा केल्या आणि १९९०च्या दशकात त्यांतील कितीतरी मुद्रित झाल्या. म्हणूनच त्या बायांचा आवाज आज जगाला ऐकता येतो. दिल्लीत, पुण्यात जे झाले ते रायपूरमध्ये का होऊ नये? तिथून जवळच खैरागढला १९५६ पासून संगीत आणि ललित कलांना वाहिलेले विद्यापीठ आहे. ज्ञान आहे, माणसे आहेत, साधने स्वस्त आहेत.

उरतो तो निविदेतला एक शब्द. ध्वनिफितींच्या डिजिटायझेशनची निविदा कोणत्याही विभागाची, मंडळाची वा संस्थेची असो, तिच्यात ‘फाइलचे स्वरूप’ या रकान्यापुढे काय लिहिले आहे ते नागरिकांनी विचारावे. तिथे एमपी३ असेल तर हरकत नोंदवावी. मूळ फीत नष्ट करण्याची तरतूद असेल तर ती लेखी विरोध करून थांबवावी. आणि घरच्या कपाटातली कॅसेट बाजारात ‘गाणी भरून’ देणाऱ्याकडे सोपवण्यापूर्वी त्याला एवढे सांगावे: वेव्हमध्ये द्या, सफाई करू नका, कॅसेट परत द्या.

शेतकरी वर्षभर काहीही खाईल, बियाण्याच्या साळीला हात लावत नाही. आवाजाचे बियाणेही असेच वेगळे ठेवायचे असते.

#ध्वनिवारसा #छत्तीसगड #लॉसलेस